वेडे रोप आणि बुटके भात

भाताला मोड कसे आणावेत हे माणगावकरांस आम्ही सांगावयास नको. रहूसाठी बी भिजवून, दडपून उबेस ठेवण्याचे काम आपल्या कोकणातील बायामाणसे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली. त्या उबेत दाण्याच्या पोटात काय घडते, याचा माग मात्र शास्त्रज्ञांस एका रोगावरून लागला.

जपानात भाताची काही रोपे फाजील उंच व फिकट होत आणि दाणा न धरताच मरत. शेतकरी त्यांस ‘वेडे रोप’ म्हणत. तैवान बेट जपानच्या ताब्यात असता, १९२६ मध्ये कुरोसावा यांनी तेथे दाखवून दिले की, ही करणी एका बुरशीची. आणि बुरशी गाळून काढली तरी उरलेले पाणीच रोपास ताणते. १९३५ मध्ये याबुता यांनी त्यातील द्रव्यास जिबरेलिन हे नाव दिले. पुढे कळले की, निरोगी झाडही हे द्रव्य स्वतः बनविते. शेतकऱ्याने ठेवलेले नाव रोगास आजही चिकटून आहे. एवढे तरी श्रेय त्याच्या पदरी पडले!

१९६० मध्ये जपानात योमो व ऑस्ट्रेलियात पेलेग यांनी जवाचा दाणा तपासला. अंकुराकडून निघालेले जिबरेलिन पिठाभोवतीच्या पातळ थरास पोचले की तो थर पिठाची साखर करणारा रस सोडतो. त्या रसाची कृती पेशीतील जनुकात लिहिलेली असते. परंतु एक प्रथिन पहारेकऱ्यासारखे बसून ती वाचू देत नाही. जिबरेलिन येताच पेशी त्या पहारेकऱ्याचाच निकाल लावते व जनुकाचे काम सुरू होते. जिबरेलिनला ओळखणारे प्रथिन २००५ मध्ये नागोयाच्या संशोधकांस सापडले, तेही भातातच.

जुनी उंच भाते वाऱ्यापावसात आडवी होत. परतीचा पाऊस लांबला की पडलेल्या लोंबीतच मोड येत. कळ तीच, वेळ मात्र चुकीची. खोतीत उभ्या पिकाची अभावणी करून वाटा ठरे, म्हणजे मागाहून झालेली नासाडी कुळाच्या माथी. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ मध्ये संप केला, तो अशाच वाटणीविरुद्ध.

१९६६ मध्ये फिलिपिन्समध्ये आयआर-८ हे बुटके भात निघाले. त्याचा बुटकेपणा तैवानच्या एका जुन्या जातीकडून आला होता. म्हणजे रोप ताणणाऱ्या द्रव्याचा छडा जेथे लागला, तेथलेच हे बियाणे! २००२ मध्ये उलगडा झाला की, या भातात जिबरेलिन बनविणारे एक जनुक मोडलेले असते. म्हणून ताट आखूड राहते व खत सोसते. आपल्याकडील जया व रत्ना यांचा बुटकेपणा त्याच जनुकाचा. ती कोकणात आली तेव्हा खोती उठविणारा १९४९ चा कायदा होऊन गेला होता.