गेटवेवरून एक फेरी

मुंबईत इतकी वर्षं राहून गेटवेवरून सुटणाऱ्या त्या तासाभराच्या लाँचमध्ये मी कधी बसले नव्हते. ते पाहुण्यांनी करायचं काम, अशी आपली समजूत. परवा पुण्याहून भाचा आला होता, त्याने हट्ट धरला म्हणून निघाले. चपला घालत होते तर आई म्हणाली, "मीपण येते."

आमच्या घरात ही साधी गोष्ट नाही. नातेवाईक मंडळींना कारण ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी पुढे सांगतेच.

तिकीट काढलं, वरच्या डेकचे वेगळे पैसे दिले, नारिंगी लाइफ जॅकेटं चढवली. १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाला निघालेल्या लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळून माणसं गेली, त्यानंतर जॅकेटची सक्ती झाली. आईने स्वतःचे पट्टे दोनदा आवळले आणि मग भाच्याचेही.

लाँच सुटली आणि पहिली गंमत लक्षात आली. मुंबईचा सूर्यास्त म्हटलं की डोळ्यांसमोर मरीन ड्राइव्ह येतो, सूर्य पाण्यात बुडताना. इथे उलटं. हा किनारा पूर्वेकडचा, त्यामुळे सूर्य शहराच्या पाठीमागे बुडतो आणि गेटवे, ताज सगळे काळ्या कागदातून कापल्यासारखे दिसतात. कागदाचीच उपमा का सुचली, तर तिथली पहिली कमान खरोखरच पुठ्ठ्याची होती असं सांगतात! पंचम जॉर्ज राणीसह २ डिसेंबर १९११ ला इथे, म्हणजे जुनी माणसं ज्याला पालवा बंदर म्हणत तिथे उतरला, तेव्हा दगडी कमानीचा पत्ताच नव्हता.  जॉर्ज विटेटचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला, मग समुद्रात भराव घालण्यात काही वर्षं गेली, आणि ४ डिसेंबर १९२४ ला व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने उद्घाटन केलं. राजाच्या स्वागताची कमान राजा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी तयार! आपल्याकडची सरकारी कामं तेव्हाही अशीच चालत, असं म्हणून मी हसले. पुढे अवघ्या २४ वर्षांत, २८ फेब्रुवारी १९४८ ला, ब्रिटिशांची शेवटची पलटण, सॉमरसेट लाइट इन्फंट्री, याच कमानीतून बाहेर पडली. बांधली येण्यासाठी, लक्षात राहिली जाण्यासाठी.

डाव्या हाताला ताज. गेटवे आधी आणि ताज नंतर, असं आपण उगाच धरून चालतो. ताज १९०३ मध्ये उघडलं, म्हणजे गेटवेपेक्षा एकवीस वर्षांनी थोरलं. त्या काळी बोटीने येणाऱ्याला हाच घुमट आधी दिसत असणार. शेजारचा उंच टॉवर मात्र १९७३ चा.

उजव्या हाताला नौदलाची गोदी आणि करड्या रंगाच्या युद्धनौका. या गोदीबद्दल मला नेहमी काहीतरी वाटतं. १७३५ च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया नावाचा पारशी सुतार इथे आला, आणि मग त्याच्या घराण्यातल्या पिढ्यांनी इंग्रजांना सागवानी जहाजं बांधून दिली. त्यातलं 'त्रिंकोमाली' १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे, दोनशे वर्षं उलटून गेली तरी! 'कॉर्नवॉलिस' हेही मुंबईचंच. १८४२ चा नानकिंगचा तह, ज्यात चीनने हाँगकाँग इंग्रजांना दिलं, तो त्याच जहाजावर झाला. आपल्या सुतारांच्या हातचं काम, आणि त्यावर बसून दुसऱ्याच्या देशाचे तुकडे. अभिमान वाटावा की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

याच पाण्यात फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांनी बंड केलं. १८ तारखेला 'तलवार' या कुलाब्याच्या प्रशिक्षण तळावर निकृष्ट जेवणावरून आणि अपमानावरून ठिणगी पडली, आणि बघता बघता जहाजांवरचे युनियन जॅक उतरले. गेटवेवर लोकांनी डबे, फळं, पाव आणून दिले आणि ते होड्यांतून जहाजांवर गेले. पाच-सहा दिवसांत सगळं संपलं. शहरात गोळीबारात दोनशेहून अधिक माणसं गेली. भाच्याच्या पुस्तकात यावर दोन ओळी आहेत म्हणे.

लाँच कुलाब्याच्या दिशेने खाली आली आणि वळण्यापूर्वी जरा मंदावली. समोर पलीकडच्या किनाऱ्यावरचे दिवे लागायला लागले होते. इतका वेळ आई कठडा धरून गप्प बसली होती. तिने जवळ उभ्या असलेल्या खलाशाला विचारलं, "रेवस कुठल्या बाजूला रे बाळा?"

"ते काय आजी, तिकडे." त्याने हात केला.

आता कारण सांगते. १७ जुलै १९४७, गुरुवार. गटारी अमावास्या. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' ही बोट रेवसला निघाली. स्वदेशीच्या चळवळीतून निघालेल्या कंपनीची ही बोट. कोकणातली माणसं त्या कंपनीला कौतुकाने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत आणि बोटींना संतांची नावं. सणाला घरी निघालेल्या माणसांनी बोट खच्चून भरली होती. भर पावसाळा, खवळलेला समुद्र. काश्याच्या खडकाजवळ ती कलंडली आणि बुडाली. बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे कितीतरी तास मुंबईला पत्ताही नव्हता. मासे घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी मासे पाण्यात टाकून माणसं होडीत घेतली असं सांगतात. तरी सहाशेहून अधिक माणसं गेली.

त्यात माझ्या आजीचा थोरला भाऊ होता. गिरणीत कामाला होता, अमावास्येला घरी यायचा होता. आजीचे वडील रेवसच्या धक्क्यावर चार दिवस बसून राहिले. तो सापडला नाही.

त्यानंतर आजी कधी बोटीत चढली नाही. माहेरी जायचं तर पनवेल, पेण, वडखळ करत एस.टी.ने, मग दिवस गेला तरी चालेल. आईलाही तिने कधी चढू दिलं नाही. आणि घरात त्या भावाचं नावही कोणी काढत नसे.

महिन्याभरात स्वातंत्र्य आलं, फाळणी झाली, आणि त्या गदारोळात रामदास मागे पडली. १९४४ चा गोदीतला स्फोट मुंबई विसरलेली नाही. तेव्हा गेलेल्या ६६ अग्निशामक जवानांसाठी दर १४ एप्रिलला देशभर मानवंदना असते. राजाच्या पायधुळीला कमान आहे. रामदासचं नाव मला त्या किनाऱ्यावर कुठे दिसलं नाही. सणाला घरी निघालेले चाकरमानी, त्यांची आठवण फक्त घराघरांत राहिली. आणि आमच्यासारख्या घरांत तीही न बोलता.

आई बराच वेळ तिकडे बघत होती. मग म्हणाली, "एवढंसंच अंतर? दिसतंय की सगळं." हात जोडले. लाँच वळली. गेटवेवरचे दिवे लागले होते, सगळे मोबाइल घेऊन त्या बाजूला धावले.

धक्क्यावर उतरल्यावर भाच्याने तिला विचारलं, "आजी, ते मामा कसे होते गं?" तिने तर त्यांना पाहिलेलंच नाही, तिचा जन्म नंतरचा. पण टॅक्सीत बसल्यापासून घर येईपर्यंत ती बोलत होती. तो उंच होता, पेटी वाजवायचा, आजीसाठी मुंबईहून रिबिनी आणायचा. हे सगळं आजीने तिला कधीतरी सांगितलं होतं तर! मी पहिल्यांदाच ऐकलं. नावही पहिल्यांदाच ऐकलं.

असो. घरातल्यांपैकी कोणाकडे त्यांचा एखादा फोटो असेल तर जरूर कळवा. आई म्हणते आहे, या वर्षी पावसाळा संपला की एकदा लाँचने रेवसला जाऊ.