जिगिंग रॉड : सुरतच्या समुद्रासाठी निवड

जिगिंग रॉड : माशाच्या आकाराचा धातूचा जड तुकडा (जिग) होडीतून थेट तळापर्यंत सोडायचा आणि झटके देत वर-खाली नाचवून तळाचे मासे गळाला लावायचे, या पद्धतीसाठी वापरली जाणारी आखूड, चिवट काठी. तिची लांबी बहुधा साडेपाच ते पावणेसात फूट असते. किनाऱ्यावरून गळ फेकायची दहा-बारा फुटी काठी येथे निरुपयोगी ठरते. काठी जितकी लांब, तितका तरफेचा फायदा माशाला आणि भार ओढणाऱ्याच्या कमरेला.

काठीवर दोन आकडे छापलेले असतात, आणि दुकानात पाहायचे ते आधी हेच. एक जिगच्या वजनाचा, ग्रॅममध्ये. दुसरा दोराचा ‘पीई’ क्रमांक. पीई हे विणीच्या दोराच्या जाडीचे जपानी माप आहे. पीई 1 चा व्यास सुमारे 0.165 मिमी असतो आणि पुढे तो वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतो. म्हणजे पीई 4 चा दोर दुप्पटच जाड, 0.33 मिमी. वाहत्या पाण्यात ही जाडी महत्त्वाची, कारण प्रवाह जिगइतकाच दोरालाही ढकलतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की हा रेटा साधारण चौपट होतो.

सुरतला काठीची निवड ठरते ती या रेट्यावर. तापीच्या मुखापासून, हजिरा-डुमसपुढे पसरलेला समुद्र उथळ आहे. पण तो खंभातच्या आखाताच्या तोंडाशी येतो. आखात वर निमुळते होत जाते, म्हणून भरतीचे पाणी चढत जाऊन भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरांच्या वर जातो. तेवढे पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करते. स्थिर पाण्यात खोलीच्या दर मीटरला दोन ग्रॅम जिग, असा ढोबळ नियम सांगतात. त्या हिशेबाने 30 मीटरला 60 ग्रॅम पुरावेत. उधाणाच्या ओढीत मात्र 60 ग्रॅमचा जिग तळाला टेकण्याआधीच दूर वाहून जातो आणि दीडशे-दोनशे ग्रॅमही कमी पडू शकतात. थोडक्यात, एरवी 80-100 मीटर खोलीसाठी घेतली जाणारी काठी येथे 30 मीटरला लागते. खोली पाहून हलकी काठी घेणे ही येथली सर्वांत महागडी काटकसर.

काठ्यांचे ढोबळ प्रकार दोन. जलद झटक्यांची काठी ताठ असते. ‘स्लो पिच’ काठी बारीक आणि लवचीक असते; वाकून सरळ होताना ती स्वतःच जिगला उचलते, आणि मासा लागल्यावर काठी खाली रोखून रिळाने ओढायचे असते. जपानी गळकरी नोरिहिरो सातो यांच्यामुळे ही पद्धत जगभर गेली. तिचा सारा डौल जिगच्या मोकळ्या, गिरक्या घेत पडण्यात आहे आणि त्यासाठी दोर जवळजवळ उभा हवा. कोकणात मालवणपुढच्या नितळ, खडकाळ पाण्यात किंवा विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे 105 किमीवरच्या आंग्रिया बँकेच्या उतारासारख्या जागी तिचे चीज होते. सुरतेत तिरका पडलेला दोर तो डौल खाऊन टाकतो. येथे मध्यम ताठ काठीच बरी.

दुसरी अडचण गाळाची. नर्मदा, तापी, मही, साबरमती या नद्यांनी आखात गढूळ ठेवलेले असते. जिगची चकाकी या पाण्यात फारशी दिसत नाही. घोळ (2023 पासून गुजरातचा राज्यमासा), वाम, शिंगाळा यांच्यासाठी गळाला कोळंबीचा किंवा माशाचा तुकडा लावणे, अथवा जिग सोडून सरळ शिसे आणि आमिष वापरणे अधिक व्यवहार्य. तशा वेळी काठीचा शेंडा नरम हवा, म्हणजे चावा कळतो.

कार्बनची काठी हलकी, पण होडीच्या काठावर आपटून टवका उडाला तर पुढे भाराखाली अचानक तुटते. फायबर ग्लासची जड, तरी सोशिक. भाड्याच्या होडीत दाटीने बसून मासे धरणाऱ्याने दोन्हींच्या मिश्रणाची घ्यावी. कोणतीही असो, मासा ओढताना ती आडव्या रेषेपासून साठेक अंशांच्या वर उचलू नये. भार शेंड्यावर एकवटतो आणि बहुतेक काठ्या अशाच मोडतात. कड्या सिरॅमिक अस्तराच्या असाव्यात. गाळ धरलेला दोर साध्या धातूच्या कडीत खाचा पाडतो. रीळ काठीच्या वर बसणार की खाली लोंबणार, त्यावर कड्यांचा आकार आणि मांडणी ठरते, म्हणून रीळ आधी ठरवावे.

जो फक्त भांगेच्या दिवसांत, अष्टमीच्या पुढेमागे, समुद्रात जाणार आहे त्याला 80 ते 150 ग्रॅमची काठी पुरते. पुनवेला-अवसेला जाणाऱ्याने 250 ग्रॅमपर्यंतची घ्यावी आणि तरीही पाणी थांबते तेवढ्या थोड्या वेळातच जिग सोडावा. ती वेळ काढताना तिथीची पाऊणपट करण्याचा मुंबईचा हिशेब येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. आखातात भरती मुंबईपेक्षा उशिरा पोहोचते.