विश्वाचे प्रसरण आणि भर सभेतील प्रश्न

इ. स. ९६४ च्या सुमारास इराणचे खगोलज्ञ अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी देवयानी तारकासमूहातील एक पुसट ठिपका ‘लहानसा ढग’ म्हणून नोंदविला. तो ढग म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका होय, हे एडविन हबल यांनी १९२४ मध्ये दाखविले. दूरच्या दीर्घिका जितक्या लांब तितक्या अधिक वेगाने दूर जातात, हेही त्यांनीच १९२९ मध्ये मांडले. विश्व प्रसरण पावते हे मान्य झाले. पण त्याला आरंभ होता काय, यावर वाद पेटला.

या वादातील एका मराठी विद्यार्थ्याची हकीकत आपल्या मुलामुलींनी अवश्य वाचावी. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर १९६० पासून केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. हॉईल यांच्या मते विश्वाला आरंभ नाही. ते पसरते तसतसे नवे द्रव्य निर्माण होते व घनता कायम राहते. फेब्रुवारी १९६१ मध्ये मार्टिन राईल यांनी आकाशातील रेडिओ-स्रोतांची गणती पुढे करून हे मत चुकीचे ठरविले. लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत उत्तर द्यायचे, तर हॉईल यांना त्याच दिवशी अन्यत्र जाणे होते. त्यांनी आपल्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्यालाच उभे केले! दीर्घिकांचे समूह विषम पसरलेले असतील तर तीच गणती हॉईल यांच्या मतातही बसते, असे नारळीकरांनी गणिताने मांडले. शिक्षक या नात्याने मला या प्रसंगात शिष्याइतकेच गुरूही मोठे वाटतात.

१९६४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे हॉईल गुरू-शिष्यांचा गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडीत असता दुसरा एक विद्यार्थी उठला व म्हणाला, प्रसरण पावणाऱ्या विश्वात यातील एक राशी अनंत होते. तो स्टीफन हॉकिंग. त्याचा आक्षेप पुढे छापूनही आला.

१९६५ मध्ये पेन्झियास व विल्सन यांना सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरी प्रारण सापडले आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूस गेले. नारळीकर मात्र गेले नाहीत. १९९३ मध्ये त्यांनी हॉईल व बर्बिज यांच्यासह सुधारित सिद्धांत दिला. तो बहुसंख्यांना पटला नाही, हे कौतुकाच्या भरात झाकू नये. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘आयुका’चे ते संस्थापक-संचालक. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

प्रश्न संपलेले नाहीत. प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे १९९८ मध्ये दिसले. कारण अज्ञात आहे. सुमारे ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षे अंतरामागे हा वेग सेकंदाला किती वाढतो? त्या आदिप्रारणावरून काढल्यास सुमारे ६७ किलोमीटर येतो, ताऱ्यांच्या स्फोटांवरून मोजल्यास सुमारे ७३. दोन्ही मोजण्या काळजीपूर्वक केलेल्या आहेत, आणि त्या जुळत नाहीत.