दोन साच्यांचे तीन साचे

नवे यंत्र आले की नोकरी जाते, असे सर्रास म्हटले जाते. कामगार चळवळीचा इतिहास पाहता हे विधान अर्धेच खरे आहे, असे आम्हांस वाटते. यंत्र एका रात्रीत नोकरी क्वचितच खाते. ते आधी कामाचे माप बदलते.

मुंबईत १९२८ साली तंटा झाला तो या मापावरच. दोन माग, म्हणजे गिरणीच्या भाषेत दोन साचे, चालविणाऱ्या विणकराने तीन चालवावेत, असा काही मालकांचा आग्रह होता. हिशेब सोपा होता: तिघांचे काम दोघांनी करावयाचे. सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर राहिले, आणि अखेर वाद फॉसेट समितीपुढे गेला.

पुढे हाच हिशेब बँकेच्या टेबलावर आला. १९८३ साली बँका व कर्मचारी संघटना यांच्यात करार होऊन खातेनोंदीची इलेक्ट्रॉनिक यंत्रे मर्यादित प्रमाणात आली. १९८४ च्या रंगराजन समितीने पुढची वाट आखली आणि १९९३ च्या करारानंतर संगणकाचा प्रसार वाढला. वाटाघाटीचे बळ असल्यामुळे खुर्चीवरचा माणूस राखला गेला. खुर्ची मात्र राहिली नाही. २०००-०१ साली स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली सरकारी बँकांतील सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. त्यांना पैसे मिळाले, सन्मानाने निरोप मिळाला. पण त्या जागांकडे डोळे लावून बसलेल्या तरुणाचे काय, हे कोणत्या करारात लिहिणार?

आज कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आमची चिंता नेमकी हीच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांस खुले झाले. पत्राचा मसुदा, भाषांतर, टिपणांचा गोषवारा, ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर, ही कामे आता यंत्र करू लागले आहे. आणि नवशिका याच कामांवर हात बसवून पुढे हुशार होत असे. पहिली पायरी काढून घेतली, तर वरच्या मजल्यावर उद्या कोण चढणार? हा तोटा धंद्याचाही आहे.

यंत्र अडविता येते, असा आमचा दावा नाही. अटी मात्र घालता येतात. २०२३ साली अमेरिकेतील चित्रपट-लेखकांनी १४८ दिवस संप करून, कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याची लेखकावर सक्ती करता येणार नाही, असे करारात लिहून घेतले. आपल्याकडील कामगार संघटनांनी आणखी एक कलम मागावे: यंत्राने वाचविलेल्या वेळातून काही जागा शिकाऊ तरुणांसाठी राखून ठेवाव्यात. जो अद्याप सभासद झालेला नाही, त्याची बाजू मांडणे हेही संघटनेचेच काम होय.