कपातीचा रकाना : एका दुर्लक्षित विषयाची प्रस्तावना

वर्धा नदीकाठचे पुलगाव बाहेरच्या माणसाला बहुधा दोन गोष्टींमुळे ठाऊक असते. एक इथली कापडाची मिल आणि दुसरे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभे राहिलेले लष्कराचे दारूगोळा भांडार, म्हणजे गावच्या बोलीतला ‘डेपो’. हे गाव मी या प्रस्तावनेसाठी निवडले, त्याचे कारण मात्र निराळे आहे. कष्टाचा मोबदला घेण्याच्या जितक्या तऱ्हा आपल्या देशात आहेत, त्यांपैकी बहुतेक इथे एका हाकेच्या अंतरात सापडतात. मिलमजूर, डेपोतला कायम कर्मचारी, त्याच डेपोच्या कामावर कंत्राटदारामार्फत येणारा मजूर, नगरपरिषदेचा कामगार, शाळेतला शिक्षक, कापसाच्या हंगामात जिनिंगवर जाणारी बाई आणि बाजारातला हमाल. यांपैकी काहींच्या पगारातून दर महिन्याला काही ना काही कापले जाते, पण कापण्याचे नियम सगळ्यांना सारखे नाहीत. काहींच्या कमाईतून काहीच कापले जात नाही, आणि खरी काळजी तिथेच करायला हवी.

‘फंड कापला’ हे वाक्य आपल्याकडे तक्रारीच्या सुरात बोलले जाते. ते स्वाभाविकही आहे. महिनाअखेर हातात पडणारी रक्कम ठरलेल्या पगारापेक्षा कमी दिसते आणि गेलेला पैसा कुठे गेला हे पावतीवरच्या आखूड अक्षरांतून कळत नाही. मिलमजुराच्या संपांवर, त्याच्या चाळींवर आणि शाहिरीवर मराठीत भरपूर लिहिले गेले. त्याच्या पगारपावतीतल्या कपातीच्या रकान्याकडे मात्र अभ्यासूंचे लक्ष क्वचितच गेले. हा रकाना जो नीट वाचू शकेल, त्याला गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतले मालक, मजूर आणि सरकार यांचे नाते वाचता येईल, असे मला वाटते. वाचकांनी या विषयाकडे हिशेबनिसाचा विषय म्हणून न पाहता सामाजिक इतिहास म्हणून पाहावे, एवढीच सुरुवातीची विनंती.

सुरुवात पुलगावहून रेल्वेने जवळच असलेल्या नागपुरातून करू. १८७७ साली तिथे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. १८८६ मध्ये तिथे कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी उभा राहिला आणि १८९५ पासून अपघातात सापडलेल्यांना भरपाई मिळू लागली. त्या काळात असे करायला कोणताही कायदा मालकाला सांगत नव्हता, म्हणून या गोष्टीचे मोल मोठेच आहे. पण तिच्या मर्यादाही तिथेच आहेत. मालक उदार असेल तर म्हातारपण सुसह्य, आणि शेजारच्या मिलचा मालक तसा नसेल तर तिथल्या मजुराने दाद कोणाकडे मागायची? जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत, १८८३ साली, आजारपणाचा सक्तीचा विमा आला. मजूर आणि मालक दोघांनीही ठरावीक वर्गणी भरायची आणि त्या वर्गणीच्या जोरावर मदत मागायची, असा तो मार्ग होता. वर्गणी भरली की मदतीची याचना राहत नाही, मागणी होते. पगारातल्या कपातीमागचे सारे तत्त्व एवढ्यात आले.

आपल्याकडे हे तत्त्व यायला दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले गेले. त्यांचा अहवाल १९४४ साली आला आणि त्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा घडला. भविष्य निर्वाह निधीचा वटहुकूम नोव्हेंबर १९५१ मध्ये निघाला आणि मार्च १९५२ मध्ये त्याचा कायदा झाला. सुरुवातीला तो फक्त सहा उद्योगांना लागू होता: सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. या यादीत कापड असल्यामुळे पुलगाव, हिंगणघाट, नागपूर, अकोला असा वऱ्हाड-नागपूरचा सगळा मिलपट्टा पहिल्याच खेपेला कायद्याच्या कक्षेत आला. देशातल्या कितीतरी मोठ्या उद्योगांच्या आधी इथल्या साचेवाल्याचा फंड कापला जाऊ लागला, याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही.

या विषयातल्या टक्क्यांनी नवखा वाचक बिचकतो. बिचकू नये, त्या आकड्यांमागे व्यवहारातले साधे हिशेब असतात. पहिला दर होता सव्वासहा टक्के. हा आकडा आज विचित्र दिसतो, पण सोळा आण्यांच्या रुपयात तो बरोबर एक आणा होतो. रुपयामागे मजुराचा एक आणा आणि मालकाचा एक आणा, हे निरक्षर माणसालाही उमजण्यासारखे होते. पुढे भेटणारा ८.३३ टक्के म्हणजे बारावा हिस्सा, वर्षाला एका महिन्याचा पगार. १९९७ पासून बहुतेक आस्थापनांत दर बारा टक्के झाला, आणि तो आजही तेवढाच आहे.

आता एक पावती समोर धरा. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून पंधरा हजार रुपये. यातून कामगाराचे १,८०० कापले जातात आणि ते पूर्णच्या पूर्ण त्याच्या भविष्य निर्वाह निधीत जातात. मालकालाही तितकेच १,८०० भरावे लागतात, परंतु कामगारांची बहुतेक गल्लत इथेच होते. मालकाच्या रकमेतले १,२५० रुपये कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत वळतात आणि उरलेले ५५० तेवढे निधीत जमा होतात. ‘मालकाने माझे पैसे कमी भरले’ अशी शंका पासबुक पाहिल्यावर अनेकांना येते, तिचे मूळ या विभागणीत आहे. याशिवाय ठेवीशी जोडलेल्या विम्यासाठी मालक आणखी अर्धा टक्का भरतो. नोकरीत असताना कामगाराचा मृत्यू झाला तर वारसाला या योजनेतून सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. ही योजना १९७६ पासून आहे. कामगाराच्या पगारातून तिच्यासाठी एक पैसाही कापला जात नाही, आणि बहुधा म्हणूनच कित्येक घरांना तिचा पत्ताच नसतो. मालकाचा हिस्सा मजुराच्या पगारातून वसूल करायला कायद्याने मनाई आहे. कर्ज फेडले नाही म्हणून निधीतल्या रकमेवर जप्तीही आणता येत नाही. सावकारीने पोळलेल्या आपल्या भागात हे कलम जास्त ठाऊक असायला हवे.

निवृत्तिवेतनाचा भाग अधिक रेंगाळण्यासारखा आहे. १९७१ च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेची जागा १६ नोव्हेंबर १९९५ पासून नव्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेने (ईपीएस) घेतली. तिच्यावर जगणारे स्वतःची ओळख ‘ईपीएस पंच्याण्णववाले’ अशीच करून देतात. सूत्र असे: निवृत्तिवेतनासाठी धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. किमान दहा वर्षे सेवा हवी. वीस वर्षे पुरी करून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला दोन वर्षे वाढवून मिळतात. म्हणजे पंधरा हजारांवर वीस वर्षे वर्गणी भरलेल्याच्या हाती महिन्याला सुमारे ४,७१४ रुपये येतात. पगाराची मर्यादा पंधरा हजारांवर आली ती सप्टेंबर २०१४ मध्ये. त्याआधी ती ६,५०० होती. मिलमधून निघालेल्या पिढीचा हिशेब त्याहून लहान पगारांवर झाला, म्हणून त्यांच्या वाट्याला हजार-दोन हजारांची पेन्शन आली. किमान एक हजाराची हमीदेखील २०१४ ची. ती वाढवून मिळावी म्हणून विदर्भातल्या वृद्धांनी बुलढाण्यात जे आंदोलन चालवले, ते या विषयाच्या अभ्यासकाने आवर्जून समजून घ्यावे. त्यांची तक्रार वर्गणीच्या तत्त्वाबद्दल नाही. वर्गणी भरून मिळवलेला हक्क महागाईपुढे रोडावत गेला आणि तो सावरायला सूत्रात काहीच सोय नाही, हे त्यांचे म्हणणे आहे. मला ते रास्त वाटते.

डेपोच्या कायम कर्मचाऱ्याचा रकाना वेगळा. १ जानेवारी २००४ पूर्वी लागलेल्याचा सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधी (जीपीएफ) कापला जातो. ती त्याची स्वतःचीच बचत, मालकाचा हिस्सा तीत नसतो, आणि निवृत्तिवेतन सरकारी तिजोरीतून मिळते. त्यानंतर लागलेल्याचे दहा टक्के राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत जातात, सरकार २०१९ पासून चौदा टक्के घालते, आणि शेवटी काय मिळेल ते बऱ्याच अंशी बाजारावर अवलंबून असते. एप्रिल २०२५ पासून त्याला हमीच्या एकीकृत योजनेचा पर्यायही आहे. राज्याच्या नोकरीत हीच सीमारेषा १ नोव्हेंबर २००५ ची आहे. गावातल्या एकाच शाळेच्या शिक्षकखोलीत ती दोन खुर्च्यांमधून जाते.

आजारपणाच्या विम्याची कपात सगळ्यांत लहान. जुलै २०१९ पासून कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के. महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्यांना तो लागू होतो. अठरा हजारांच्या पगारातून जाणाऱ्या १३५ रुपयांत कुटुंबाचे औषधपाणी, आजारपणाच्या रजेत सत्तर टक्के वेतन आणि बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची पगारी रजा सामावते. इतक्या कमी वर्गणीत इतके देणारी दुसरी योजना शोधणे कठीण. दवाखाना जवळ असेल आणि चालू असेल, ही अट अर्थातच आहे.

पण कायद्याने हा विमा ‘हंगामी कारखान्यां’ना लागू केला नाही, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत सरकी काढण्याचे आणि गठाणी बांधण्याचे काम नावानिशी घातले. वर्धा जिल्ह्यासारख्या कापसाच्या मुलखात याचा अर्थ असा की कापसाचे सूत आणि कापड करणारा मजूर विम्याच्या आत, आणि त्याच कापसाची सरकी काढणारी बाई बाहेर. कापसाच्या धुळीने येणारा खोकला मात्र दोघांचा सारखाच असतो. उलट निवृत्तिवेतन योजनेत हंगामी आस्थापनेत वर्षातले काही महिने केलेली सेवाही पूर्ण वर्षाची धरली जाते. एका कायद्याने त्या बाईचा हंगाम मोजला आणि दुसऱ्याने त्याच हंगामामुळे तिला वगळले. असे विसंवाद या विषयात जागोजागी भेटतात. ते अभ्यासाच्या आड येत नाहीत, उलट खरा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

२० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळच्या सोनेगाव इथे मुदतबाह्य दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जणांचा बळी गेला. मृतांत जबलपूरच्या खमरिया आयुधनिर्माणीचा कर्मचारी होता आणि कंत्राटदाराकडून कामावर आलेले आसपासच्या गावांतले मजूरही होते. मृत्यू एकाच क्षणी आला, पण कायद्याच्या नजरेत त्यांचे मालक वेगवेगळे. कंत्राटी मजुराच्या बाबतीत ‘याचा मालक कोण’ हा प्रश्न प्रत्येक कपातीच्या आधी विचारावा लागतो. भविष्य निर्वाह निधीचा कायदा त्याचे उत्तर असे देतो की वर्गणी कंत्राटदाराने भरायची, परंतु ती भरली जाते की नाही याची अंतिम जबाबदारी काम करवून घेणाऱ्या मुख्य मालकाची. बहुतेक मजुरांना यातला फक्त कंत्राटदार माहीत असतो.

वाचकांनी हा विषय कसा हाताळावा? माझ्या मते कायद्याच्या पुस्तकापासून सुरुवात करू नये. तुमची स्वतःची किंवा घरातल्या कोणाची पगारपावती घ्या आणि प्रत्येक कपातीपुढे ती कोणाच्या नावावर जमा होते ते लिहून पाहा. लगेच कळेल की व्यवसाय कराचे दोनशे रुपये तुमच्या नावावर कुठेच जमा होत नाहीत. तो कर आहे, सुरक्षा नव्हे. अर्थात १९७५ साली महाराष्ट्राने तो बसवला तो रोजगार हमी योजनेला पैसा हवा म्हणून, तेव्हा त्यात कोणाची तरी सुरक्षा होतीच! जून आणि डिसेंबरच्या पावतीत कामगार कल्याण निधीचे पंचवीस रुपये दिसतील. मग भविष्य निर्वाह निधीचा बारा आकडी खाते क्रमांक (यूएएन) घेऊन पासबुक उघडा आणि महिने जुळवा. एका महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरावी लागते. पगारातून कापलेली रक्कम मालकाने भरलीच नाही, तर तो केवळ थकबाकीदार राहत नाही. फौजदारी कायद्याने तो विश्वासघात ठरतो. शेवटी वारसाचे नाव तपासा. लग्नाआधी आईचे नाव लिहिलेले आणि नंतर कधीच न बदललेले नामनिर्देशन हे या क्षेत्रातल्या दुःखाचे फार जुने कारण आहे.

एवढे झाले की कायदा वाचायला बसा. मात्र आता वाचायचे ग्रंथ दोन आहेत. संसदेने २०२० साली मंजूर केलेली सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने वेतनाची व्याख्या बदलली आहे: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात धरायचा. मूळ वेतन लहान दाखवून वर्गणी वाचवण्याची जुनी रीत त्यामुळे अवघड होईल. घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या मुलांसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के भरावेत असे संहिता म्हणते. हंगामी कारखान्याला आजारपणाच्या विम्याबाहेर ठेवणारी तरतूद मात्र तिने तशीच राखली आहे. तेव्हा जुना कायदा आणि नवी संहिता शेजारी ठेवून, कलमागणिक कोण आत आले आणि कोण बाहेर राहिले याची नोंद करत वाचावे, आणि त्या नोंदीत जिनिंगवरच्या बाईसाठी एक वेगळे पान राखून ठेवावे.