एक घर, तीन राज्ये

वर्ध्यात १९५१ साली जन्मलेली एक व्यक्ती दहा वर्षांची होईपर्यंत घर न बदलता तीन राज्यांत राहिली. कशी? हे कोडे वर्गात घालून पाहा.

मध्य प्रांतातल्या नागपूर जिल्ह्यातून १८६२ साली वर्धा जिल्हा वेगळा झाला. १९५० मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे मध्य प्रदेश राज्य झाले आणि त्याची राजधानी होती नागपूर! १ नोव्हेंबर १९५६ रोजी वर्ध्यासह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात.

ही नुसती गंमत नाही. १९५१ च्या जनगणनेत वर्धा मध्य प्रदेशात सापडतो, १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात. मध्य प्रदेशाचे हे दोन आकडे शेजारी मांडून वाढ काढली, तर उत्तर चुकेल. कारण नाव तेच असले तरी प्रदेश तो नाही.

अमेरिकेतही असेच घडले. व्हर्जिनिया राज्याची लोकसंख्या १८६० मध्ये सुमारे १५ लाख ९६ हजार होती. १८७० मध्ये ती १२ लाख २५ हजार भरली. यादवी युद्धात एवढी माणसे मेली का? नाही. १८६३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया वेगळे झाले होते. तिथले ४ लाख ४२ हजार लोक मिळवले, की बेरीज १८६० पेक्षा जास्तच येते.

म्हणून कोणताही तक्ता वाचताना मुलांना आधी विचारायला शिकवू या: हा आकडा कोणत्या सीमेच्या आतला?