कॅथे हॉटेलचं मुंबईतलं कूळ

6 डिसेंबरला नांदेड-लातूरकडून चैत्यभूमीला जाणाऱ्यांना दादरची इंदू मिल सांगावी लागत नाही. बाबासाहेबांच्या स्मारकाची ती जागा. कागदोपत्री तिचं नाव इंडिया युनायटेड मिल क्रमांक 6. या गिरण्या चाळीसच्या दशकात मालकी बदलेपर्यंत ई. डी. ससून कंपनीच्या होत्या. शांघायमधलं त्या काळचं सर्वांत दिमाखदार हॉटेल, कॅथे, बांधलं ते याच घराण्याने.

ससून मूळचे बगदादचे यहुदी. डेव्हिड ससून 1832 च्या सुमारास मुंबईत आले. पुण्यातलं ससून हॉस्पिटल आणि लाल देऊळ त्यांच्या दानातले. लाल देवळाच्या आवारातच त्यांची कबर आहे. दानधर्माचं कौतुक करताना मूळ धंद्याबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही. तो अफूचा. माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. डेव्हिड यांचा मुलगा एलियास 1844 मध्ये चीनला गेला आणि 1867 मध्ये त्याने स्वतःची पेढी काढली. तीच ही ई. डी. ससून.

अफूचा व्यापार पुढे आटत गेला. घराण्याचा पैसा तोवर कापडगिरण्यांत उतरला होता. गिरण्यांना कापूस हवा, आणि त्याच सुमारास निजामाच्या मुलखातला कापूस मुंबईला जवळचा झाला. 1900 च्या आसपास गोदावरी खोऱ्यातली रेल्वे मनमाडला भिडली आणि चांगल्या धाग्यासाठी नावाजलेल्या नांदेडच्या गावरानी कापसाला वाट मिळाली. लातूरला बार्शी लाइट रेल्वे 1911 मध्ये पोचली. अडीच फुटी रुळांवरून माल कुर्डुवाडीला यायचा, तिथे मोठ्या गाडीत चढायचा. मुंबईच्या गिरण्या अशा दूरदूरच्या काळ्या रानांवर चालत.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कारभार व्हिक्टर ससून यांच्याकडे आला. पहिल्या महायुद्धात विमान अपघातात पाय जायबंदी झालेला, काठी टेकत चालणारा, शर्यतीच्या घोड्यांचा शौकीन असा हा गृहस्थ दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात सभासद होता, कामगारविषयक शाही आयोगावरही होता. मुंबईत त्याला पुढचं चित्र बरं दिसेना. जपानी कापड स्वस्त येत होतं, कर होते, स्वातंत्र्याची चळवळ जोरात होती, आणि 1928 मध्ये गिरणी कामगारांनी सहा महिने संप चालवला. शांघायच्या परकीय वसाहतीत कर नाममात्र होते आणि जमिनीचे भाव चढते. त्याने भांडवल तिकडे हलवायला घेतलं. गिरणगावात भोंगे बंद होते तेव्हा ह्वांगपू नदीकाठी, बंड नावाच्या रस्त्यावर, ससून हाउसचं काम चालू होतं.

1929 मध्ये तिथे कॅथे हॉटेल सुरू झालं. आराखडा पामर अँड टर्नर कंपनीचा. माथ्यावर तांब्याचं हिरवं, पिरॅमिडसारखं छप्पर, आत फ्रेंच लालिकच्या काचा. खास दालनं देशोदेशीच्या थाटात सजवलेली होती आणि त्यांत एक भारतीयही होतं. पैसा कुठून आला हे पाहता तेवढं तरी रास्तच म्हणायचं! इंग्रज नाटककार नोएल कॉवर्डने 1930 मध्ये तापाने अंथरुणाला खिळलेला असताना ‘प्रायव्हेट लाइव्ह्ज’ हे नाटक लिहिलं ते याच हॉटेलात.

कम्युनिस्ट सत्तेत ससूनांची मालमत्ता गेली. 1956 मध्ये हॉटेलचं नाव पीस हॉटेल झालं. मोठ्या दुरुस्तीनंतर 2010 मध्ये ते फेअरमाँट पीस हॉटेल म्हणून पुन्हा उघडलं.

शांघायमध्ये हॉटेलधंद्यात पैसा घालणारं दुसरं मोठं घराणं कडूरींचं. तेही बगदादचेच. एली कडूरी मुंबईमार्गे पूर्वेला गेले, ते ससूनांच्या पेढीत नोकर म्हणून. त्यांच्या वंशजांच्या हातात आजही पेनिन्सुला हॉटेलं आहेत, आणि 2009 मध्ये त्यांतलं एक पीस हॉटेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर, बंडच्या उत्तर टोकाला सुरू झालं.